बर्फ साफ करायचा शॉवेल कसा निवडायचा: नागपूरहून कॅनडा-अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी

आपल्या नागपुरातून दर वर्षी कितीतरी पोट्टे-पोट्टी शिकायला, नोकरीला कॅनडा-अमेरिकेला जाऊन राहिले. पहिली काही वर्षं फ्लॅटमध्ये निघतात, तिथे बर्फ साफ करणं बिल्डिंगवाल्याचं काम असतं, पण मग कोणी घर घेतं, कोणी कोणाच्या घराचं बेसमेंट भाड्याने घेतं आणि घरमालक सांगतो की ड्राइव्हवे (रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीची वाट) आणि पायऱ्यांवरचा बर्फ तुम्हीच काढायचा. मग नोव्हेंबरात फोन येतो, काका कोणता शॉवेल घेऊ, दुकानात तर पूर्ण भिंत भरली आहे. मी बरेच हिवाळे ऑटावात काढलेत, आता मानेवाड्याला परत आलोय, आणि प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. एकच शॉवेल सगळ्या बर्फाला चालत नाही, आणि जिथे ढकलून भागतं तिथे उचलायचं नाही. एवढं डोक्यात बसलं की दुकानातली ती भिंत बघून गोंधळायला होत नाही.

आणि शॉवेल म्हणजे आपलं फावडं नाही हेही लक्षात घ्या. आपल्या फावड्याचं पातं दांड्याला काटकोनात असतं, आपण ते वरून मारतो आणि माती स्वतःकडे ओढतो. शॉवेलचं पातं दांड्याच्या रेषेत असतं, म्हणजे गिट्टी-रेती भरायच्या बेलच्याच्या जातीचं, त्याने पुढे ढकलायचं किंवा खालून उचलायचं. पण इतवारीतल्या लोहा ओळीतून बेलचा घेऊन बॅगेत टाकावा असं कोणाच्या घरचे म्हणत असतील तर नको म्हणा, रेतीचा बेलचा अरुंद असतो आणि जड असतो, बर्फासाठी पातं रुंद लागतं आणि वजन जितकं कमी तितकं बरं.

पहिलं काम: बर्फ ओळखायला शिका

आपण नागपूरकरांनी गारपीट सोडली तर आभाळातून पांढरं काही पडताना पाहिलेलं नसतं. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, सगळं गाव कुडकुडत होतं, तरी तो शून्याच्या वरच होता. त्यामुळे बर्फ म्हणजे एकच वस्तू असं आपल्याला वाटतं, आणि चुकीचा शॉवेल घेतला जातो तो इथूनच.

कडाक्याच्या थंडीत, म्हणजे उणे दहा-पंधराच्या खाली, नुकताच पडलेला कोरडा बर्फ एका घनमीटरला ५० ते ७० किलो भरतो. शून्याच्या जवळपास पडलेला ओलसर बर्फ १०० ते २०० किलो. दोन-तीन दिवस पडून दबलेला २०० ते ३००, वाऱ्याने ठोकून बसवलेला ३५० ते ४००. आणि पूर्ण गोठलेला घट्ट बर्फ ९१७ किलो. म्हणजे दिसायला सगळं पांढरंच, पण घट्ट गोठलेला सोडला तरी एकाच आकाराच्या ढिगाचं वजन पाचपट-आठपट वेगळं.

आता हिशोब करून बघा. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे धरा ६ मीटर रुंद आणि १० मीटर लांब. त्यावर रात्रीतून २० सेंटिमीटर बर्फ पडला (ऑटावात ही काही फार मोठी गोष्ट नाही, तिथे एका हिवाळ्यात दोन मीटरच्या वर बर्फ पडतो) तर तो झाला १२ घनमीटर. कोरडा असेल तर सहाशे ते साडेआठशे किलो, ओला-दबलेला असेल तर साडेतीन टनाच्या वर. साधारण शॉवेलमध्ये एका वेळी वीसेक लिटर बर्फ मावतो, म्हणजे सगळा उचलून टाकायचा म्हटलं तर सहाशे वेळा वाकायचं आणि उठायचं, आणि बर्फ ओला असेल तर दर वेळी हातात सहा किलो, शॉवेलचं वजन वेगळं. म्हणूनच मी ढकला ढकला म्हणून राहिलो.

बर्फ कोणता आहे हे ओळखायची सोपी पद्धत म्हणजे हातमोजा घालून मूठभर घ्यायचा आणि दाबायचा. गोळा होतच नाही, भुरभुर सुटून जातो, तर कोरडा. घट्ट गोळा होतो तर ओलसर. दाबल्यावर मोजा भिजला, पाणी सुटलं, तर ओला आणि जड, त्या दिवशी घाई करायची नाही.

तुमच्या गावात कोणता बर्फ पडतो ते आधी विचारा

एडमंटन, विनिपेग, मिनिॲपोलिस या बाजूला थंडी कोरडी आणि कडक, बर्फ हलका, पण मोकळ्या मैदानावरून वारा येतो आणि घराच्या एका बाजूला दाबून ठोकलेला ढीग करून ठेवतो. कॅल्गरीला चिनूक नावाचा गरम वारा येतो, काही तासांत तापमान उणेतून शून्याच्या वर जातं, बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, त्यामुळे तिथे शॉवेलइतकाच बर्फ फोडायचा चॉपर लागतो. तिथला नियमही कडक आहे, बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ पाहिजे.

टोरोंटोला वरच्यावर गोठणं-वितळणं चालतं, बर्फ बहुतेकदा ओलसर. एरवी फार नसतो पण आला की येतो, जानेवारी १९९९ मध्ये तर तिथल्या महापौरांनी मदतीला लष्कर बोलावलं होतं. माँट्रियल आणि ऑटावा पट्ट्यात भरपूर बर्फ आणि मधूनच गोठणारा पाऊस, जो पडतो पाणी म्हणून आणि जमिनीला, तारांना लागला की काच होऊन बसतो. जानेवारी १९९८ चं बर्फाचं वादळ तिकडचे जुने लोक अजून सांगतात, लाखो घरांची वीज गेली होती. न्यू जर्सी, बॉस्टन या किनाऱ्याच्या भागात, जिथे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, समुद्रावरून येणारी वादळं ओला जड बर्फ टाकून जातात. बफेलोसारख्या तळ्याकाठच्या गावांची गोष्टच निराळी, नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या लगतच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे दोन मीटर बर्फ पडला. आणि व्हँकुव्हर-सिएटलला फार क्वचित पडतो, पण पडला की ओलाच.

नवीन गावात गेलात की शेजाऱ्याला विचारायला लाजू नका. तिथे हवेबद्दल आणि बर्फाबद्दल बोलायला लोकांना आवडतं, आणि शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये भिंतीला काय टांगलं आहे ते पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

कोणता शॉवेल कशासाठी

पुशर म्हणजे फक्त ढकलायचा. पातं रुंद, ६० ते ७५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठं, आडवं वाकलेलं, उंची कमी. आपण अंगणातलं पाणी वायपरने ढकलतो तसंच याच्यामागे सरळ चालत जायचं. दहा-बारा सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या बर्फाला याच्यासारखं काही नाही, पाठ वाकत नाही आणि ड्राइव्हवे पटकन होतो. पण याने बर्फ उचलायला जाऊ नका, इतक्या रुंद पात्यावर ओला बर्फ भरला की मनगट आणि कंबर दोन्ही जातात. आणि ढकलत नेलेला बर्फ टाकायला कडेला मोकळी जागा लागते, दोन्ही बाजूंनी भिंत किंवा शेजाऱ्याची गाडी असेल तर एकट्या पुशरने काम होत नाही.

उचलायचा शॉवेल याच्या उलट. पातं ४५ सेंटिमीटरच्या आसपास, खोलगट, टोकाला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची मूठ. बायका, बारीक अंगाची मुलं, वय झालेली माणसं यांनी याहूनही लहान घ्यावा. मोठ्या पात्याने काम लवकर होईल असं वाटतं पण होत नाही, दहा मिनिटांत दम लागतो आणि मग प्रत्येक खेपेनंतर थांबावं लागतं. लहान पात्याने जरा जास्त खेपा होतात पण माणूस टिकतो.

दुकानात सगळ्यात जास्त दिसतो तो कॉम्बो, थोडा पुशर थोडा उचलायचा, पन्नास-साठ सेंटिमीटरचा. एकच घेण्याइतकी जागा किंवा पैसे असतील, समोर फक्त चार पायऱ्या आणि एक लहान वाट असेल, तर हा चालतो. पूर्ण ड्राइव्हवे असेल तर माझं मत स्पष्ट आहे, एक पुशर आणि एक लहान उचलायचा असे दोन वेगळे घ्या.

चौथा प्रकार नवीन माणसाला माहीतच नसतो, आणि कॅनडाच्या क्युबेक प्रांतात घरोघरी दिसतो. मोठं टोपलं, मागे यू आकाराचा दोन हातांनी धरायचा दांडा, त्याला कोणी स्लेज शॉवेल म्हणतं कोणी स्नो स्कूप. टोपलं बर्फात घुसवायचं, दांडा खाली दाबायचा म्हणजे पुढचं टोक उचललं जातं, आणि भरलेलं टोपलं बर्फावरूनच घसरत न्यायचं आणि पालथं करायचं. तीस-चाळीस सेंटिमीटर बर्फ पडला, पुशर अडकून बसला, तर हेच खरं अवजार. वजन जमिनीवर राहतं, तुमच्या कंबरेवर येत नाही. फक्त चढावर टाकायचं असेल किंवा पायऱ्या असतील तर याचा उपयोग नाही.

पाचवा आइस चॉपर, खरं म्हणजे हा शॉवेल नाहीच. लोखंडाचं सरळ, पंधरा-अठरा सेंटिमीटरचं पातं आणि लांब दांडा. बुटांनी तुडवलेला बर्फ, पायरीवर गोठलेलं पाणी हे खरवडायला. आधी मीठ टाका, थोडा वेळ जाऊ द्या, आणि मग खालून तिरकं पातं घालून उचकटा. वरून जोरात मारलं तर काँक्रीटचे टवके उडतात, नव्या काँक्रीटवर तर मुळीच मारू नका.

गाडीच्या डिकीत एक घडी होणारा लहान शॉवेल, एक ब्रश आणि काचेवरचा बर्फ खरवडायचं स्क्रेपर, हे तीन कायम पाहिजेत. गाडीच्या पत्र्यावर शॉवेल लावू नका, ओरखडे पडतात. आणि एक जिवाची गोष्ट सांगतो, गाडी बर्फात बुडाली असेल तर इंजिन सुरू करायच्या आधी मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी बुजलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि आत हीटर लावून बसलेली माणसं त्यात गेली आहेत. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या नळ्या बाहेर भिंतीतून निघतात, वादळानंतर त्याही मोकळ्या करायच्या.

प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम की लोखंड

प्लॅस्टिकचं पातं हलकं असतं, बर्फ चिकटत नाही, लाकडी डेक (घराला लागून असलेला फळ्यांचा ओटा) खराब होत नाही. बहुतेक घरांना बहुतेक दिवस हेच पुरतं. पण उणे पंचवीस-तीसला साधं प्लॅस्टिक कडकडीत होतं, गोठलेल्या ढेकळावर मारलं की तडकतं, म्हणून विनिपेग-एडमंटनवाल्यांनी स्वस्तातला पातळ घेऊ नये. ॲल्युमिनियम हलकं आणि बऱ्यापैकी टणक, पण कड वाकते आणि ओला बर्फ चिकटून बसतो. लोखंडी सगळ्यात मजबूत, कडक बर्फात घुसतो, पण जड, गंजणारा, आणि फरशीवर ओरखडे पाडणारा.

प्लॅस्टिकच्या पात्याला पुढे धातूची पट्टी बसवलेली असते ती बघा. पट्टी असली की कड लवकर झिजत नाही आणि जमिनीला चिकटलेला पातळ थर निघतो. डांबर आणि काँक्रीटसाठी पट्टीवालाच घ्या. लाकडी डेक, रंगवलेल्या पायऱ्या किंवा बसवलेले पेव्हर असतील तर बिनपट्टीचा, कारण पट्टी प्रत्येक सांध्यात अडकते, आणि तुम्ही जोरात चालत असाल तर दांड्याचं टोक सरळ पोटात लागतं. डेकवर फळ्यांच्या लांबीच्या दिशेने ढकला, आडवं ढकललं की फळ्यांच्या कडा निघतात. ड्राइव्हवे मुरूम-गिट्टीचा असेल, गावाबाहेरच्या घरांना असतो, तर खरवडायचंच नाही, खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर दाबून राहू द्यायचा आणि वरचा काढायचा, नाहीतर वसंतात सगळी गिट्टी गवतातून वेचत बसाल.

दांड्याकडे लोक बघतच नाहीत आणि खरा फरक तिथेच पडतो. दुकानात शॉवेल उभा धरून बघा, मूठ तुमच्या छातीच्या आसपास आली पाहिजे. आखूड असला की वाकून वाकून कंबर धरते. सोबत तुमचे जाड हिवाळी हातमोजे न्या आणि ते घालून डी मूठ धरून बघा, नुसत्या हाताने छान वाटणारी मूठ मोज्यासकट हात आत जाऊ देत नाही असं नेहमी होतं. मग पातं जमिनीला टेकवून जरा दाबा, दांडा जिथे पात्यात शिरतो तिथे हलतो का ते बघा. तिथे नुसती एक पिन ठोकलेली असेल तर सोडा, आरपार बोल्ट किंवा दोन-तीन रिव्हेट असलेला घ्या, कारण तुटतो तो तिथेच. दांडा लाकडी असेल तर हाताला गार लागत नाही, फायबरग्लासचा हलका आणि टिकाऊ, उघड्या धातूचा थंडीत मोज्यातूनही बोचतो.

वाकडा दांडाही मिळतो. ढकलताना आणि उचलताना कमी वाकावं लागतं हे खरं, पण बर्फ फेकताना तो हातात फिरतो, सवय व्हायला वेळ लागतो. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी जरूर वापरून बघावा. सरळ दांड्याला मधोमध लावायची जास्तीची मूठसुद्धा वेगळी मिळते, ती लावली की खालचा हात फार खाली न्यावा लागत नाही.

हलका असावा हे सांगितलंच, दीड किलोच्या आसपास असेल तर उत्तम. कॅनडात हे सगळं हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत मिळतं, कॅनेडियन टायरमध्येही मिळतं, नाव ऐकून नवीन लोक तिथे जातच नाहीत. ऑक्टोबरात घ्या. पहिल्या मोठ्या बर्फाच्या बातमीनंतर दुकानात उरलेसुरले तेवढे मिळतात, आणि त्यात तुमच्या उंचीचा मिळेलच असं नाही.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी येणारा बांध

यावर जरा सविस्तर सांगतो, कारण पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. तुम्ही सकाळी उठून ड्राइव्हवे लख्ख करता, आत जाऊन चहा ठेवता, आणि तेवढ्यात नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी गाडी, रस्त्यावरून जातो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ तुमच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा बांध करून टाकून जातो. प्लाऊवाल्याचा त्यात काही दोष नाही, त्याला पूर्ण रस्ता मोकळा करायचा असतो. पण हा बर्फ वेगळा असतो. चाकांनी तुडवलेला, मिठाने अर्धवट पाणी झालेला, ढेकळांचा, आणि थंडी असली तर काही तासांत दगड होणारा. पुशर तिथे नुसता आपटून मागे येतो.

याला लहान पात्याचा मजबूत, धातूचा किंवा धातूच्या पट्टीचा उचलायचा शॉवेल लागतो. वरून सुरुवात करा, पातं उभं घुसवून ढेकूळ तोडा, हातात पेलेल एवढाच तुकडा घ्या, मग त्याच्या खालचा. मधून एकदम फोडायला जाऊ नका. आणि प्लाऊ गेला की लगेच काढा, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बघू म्हटलं तर तोवर चॉपर लागतो.

बांध कमी यावा यासाठी एक युक्ती आहे. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे घराकडून रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या कडेचा प्लाऊ डावीकडून उजवीकडे जातो. म्हणून ड्राइव्हवेच्या तोंडाशी तुमचा काढलेला बर्फ उजव्या बाजूला टाका, आणि डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेने गाडीच्या लांबीएवढा एक कप्पा साफ करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचा बराच बर्फ त्या कप्प्यात पडून जातो आणि तोंडाशी थोडाच येतो. काढलेला बर्फ रस्त्यावर मात्र ढकलू नका, ऑन्टारिओ प्रांतात ते कायद्याने मना आहे आणि बाकी बऱ्याच ठिकाणीही दंड होतो. घराजवळ आग विझवायचा पाण्याचा हायड्रंट असेल तर त्याच्याभोवतीही जागा मोकळी करा, ती बुजली की आगीच्या वेळी बंबवाल्यांचा वेळ शोधण्यात जातो.

वापरायची पद्धत

मोठं वादळ चालू असेल तर संपायची वाट बघू नका. दर पाच-दहा सेंटिमीटरला बाहेर जाऊन एकदा पुशर फिरवून या, वीस सेंटिमीटर एकदम काढण्यापेक्षा हे खूप हलकं जातं. मधोमध एक पट्टा काढा आणि तिथून दोन्ही कडांना ढकला. हिवाळ्याच्या सुरुवातीचा बर्फ शक्य तितका लांब टाका, कारण मार्चपर्यंत त्याच जागेवर भर पडत जाणार आहे आणि फेब्रुवारीत ढीग खांद्याएवढा झाला की वर फेकावं लागतं.

उचलावंच लागलं तर दोन हातांत अंतर ठेवा, गुडघे वाकवा, पातं अंगाजवळ ठेवा आणि टाकायच्या दिशेला पाऊल वळवून मग टाका. कंबर पिळून खांद्यावरून मागे फेकणं, हे कधीच नाही, पाठीत चमक भरते ती याच्यातच.

ओला बर्फ पात्याला चिकटत असेल तर आधी सिलिकॉनचा स्प्रे मारा, नसेल तर स्वयंपाकाच्या तेलाचा हात फिरवला किंवा मेणबत्ती घासली तरी चालतं. शॉवेल घरात हीटरजवळ ठेवू नका, गरम पात्यावर बर्फ वितळतो आणि बाहेरच्या थंडीत तिथेच गोठून थर बसतो. दाराजवळच्या, हीटर नसलेल्या आडोशाच्या जागी ठेवा. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तर अजिबात नको, कारण मोठा बर्फ पडला की त्या शेडपर्यंत पोचायलाच शॉवेल लागतो.

छपरावर बर्फ साठला असेल तर शिडी लावून वर चढू नका. त्यासाठी रूफ रेक मिळतो, लांब जोडदांड्याचा, जमिनीवर उभं राहून कडेचा बर्फ ओढायचा. धातूचा दांडा आणि विजेच्या तारा यांच्यात भरपूर अंतर ठेवा.

मीठ टाकताना साधं मीठ उणे नऊ-दहापर्यंतच नीट काम करतं. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइडचं मिळतं ते वापरा, किंवा नुसती रेती टाका म्हणजे निदान पाय घसरणार नाही. आधी शॉवेल मग मीठ, असा क्रम. जाड बर्फावर मीठ ओतून तो वितळेल असं होत नाही.

ड्राइव्हवे फारच मोठा असेल तर स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून टाकणारं मशीन घ्या, त्यात वेगळं सांगण्यासारखं फार नाही, फक्त ओल्या बर्फाने तोंड अडलं तर मशीन बंद करूनही हात घालायचा नाही, सोबत मिळते ती काठीच वापरायची. आणि तो घेतला तरी पायऱ्यांसाठी शॉवेल लागतोच.

आई-बाबा तिकडे आले असतील तर

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं पण हलकं समजू नका. आपल्याकडून वडीलधारी मंडळी सहा महिने मुलाकडे राहायला जातात. मुलगा-सून ऑफिसला गेले, बाहेर बर्फ पडला, आणि बाबांना वाटतं की आपण रिकामे बसून राहिलो, पोराचं तेवढं काम हलकं करू. साठीच्या पुढचा माणूस, कधी बीपी, कधी शुगर, आयुष्यभर ४५ डिग्रीच्या उन्हात राहिलेला, तो उणे पंधराला बाहेर जाऊन ओला बर्फ उपसायला लागतो. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, बीपी चढतं, हाताने उचलायच्या कामात हृदयाचे ठोके झपाट्याने वाढतात, त्यात माणूस जोर लावताना श्वास रोखून धरतो. हे सगळं एकाच वेळी होतं.

क्युबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला होता. बर्फ न पडलेल्या दिवसाशी तुलना केली तर २० सेंटिमीटर बर्फ पडल्यानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने दवाखान्यात भरती होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि त्याने मरण्याची ३४ टक्क्यांनी जास्त दिसली. हे लोक तिथलेच, बहुतेक बर्फाची सवय असलेले. आपल्या माणसांत हृदयाचा त्रास लवकर सुरू होतो हे आपण घरोघरी बघतोच.

म्हणून बाबांना नुसतं नको म्हणू नका, ते ऐकत नाहीत. शॉवेल गॅरेजमध्ये कुलपात ठेवा, आणि महिन्याच्या कंत्राटावर बर्फ काढून देणारा माणूस लावा किंवा शेजारच्या कॉलेजच्या पोराला चार पैसे द्या. त्यांना काम द्यायचंच असेल तर दाराशी बसून पायऱ्यांवर रेती टाकायचं द्या. आणि चाळिशी ओलांडलेल्या तुम्हालाही हेच लागू आहे. भरपेट जेवून किंवा सिगारेट ओढून लगेच बाहेर पडू नका, आधी घरातच पाच-दहा मिनिटं हातपाय हलवा, तोंडावरून मफलर घ्या, दर पंधरा मिनिटांनी थांबा. छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा दुखला, थंडीतही घाम फुटला, तर काम तिथेच टाका आणि ९११ ला, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा. अजून एवढा कोपराच राहिला, तो उरकून आत जातो, असं करू नका.

जानेवारीतच जाणार असाल, म्हणजे तिकडचा हिवाळा अर्ध्यावर असताना, तर घरमालकाला आधीच मेसेज टाकून तीन गोष्टी विचारून ठेवा: बर्फ कोणी काढायचा, घरात शॉवेल आहे का आणि कसला आहे, आणि मीठ कुठे ठेवलं आहे. उत्तर कराराच्या कागदावर लिहून घ्या. शॉवेल नसेल तर उतरल्यावर पहिल्या किराण्यासोबतच एक ४५ सेंटिमीटरचा, धातूची पट्टी आणि डी मूठ असलेला प्लॅस्टिकचा उचलायचा घेऊन या, त्याने बांध, पायऱ्या आणि गाडीभोवतीचा बर्फ तरी निघतो. पुशर नंतरच्या आठवड्यात घेतला तरी चालेल.